लेकीचा अनावर राग, एक वही आणि समुपदेशनाचं वर्ष

गेल्या महिन्यात आमच्या मुलीच्या समुपदेशनाच्या नियमित भेटी संपल्या. आता सहा महिन्यांनी एकदा भेटायचं आणि मध्ये गरज वाटली तर फोन करायचा, एवढंच उरलंय. हे सगळं सुरू झालं तेव्हा मी रात्री जागून माहिती शोधत होतो. सल्ले ढिगाने सापडले. पण आधी कोणाकडे जायचं, किती थांबावं लागतं, फॉर्ममध्ये काय विचारतात, घरी रोज नेमकं काय करायचं असतं, हे सलग कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहून ठेवतोय. मुलीला विचारून लिहितोय. नाव घालायचं नाही आणि दोन प्रसंग सांगायचे नाहीत, असं तिने बजावलंय. दोन्ही पाळलंय.

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तान्ही असल्यापासून तिचं सगळंच जोरात, हसणंही आणि रडणंही. दोन-तीन वर्षांच्या मुलांनी जमिनीवर लोळण घेणं, भोकाड पसरणं हा वाढीचाच भाग असतो. नीट बोलता यायला लागलं की बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं. हिचं मात्र शाळेत जायला लागल्यावर वाढत गेलं. पेन्सिलीचं टोक तुटलं, खेळात हरली, बूट चुकीच्या पायात गेला, की क्षणात ओरडा, आदळआपट, स्वतःच्याच डोक्यावर मुठी मारणं. अर्धा-पाऊण तास चालायचं. मग दमून, उचक्या देत कुशीत शिरायची आणि म्हणायची, "मी वाईट आहे ना, बाबा?" तो प्रश्न फार लागायचा.

फेब्रुवारीत शाळेतून बोलावणं आलं. तिने स्वतःची वही फाडली होती आणि वर्गाबाहेर पळाली होती. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून विचार केला. ती स्वतःला मारत होती. शाळेवर आणि झोपेवर परिणाम दिसत होता. मैत्रिणी तिच्याशी खेळायला कचरत होत्या. आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचत होती: तिचा आवाज जरा चढला की धाकटा हातातलं खेळणं न मागता तिच्यापुढे ठेवून कोपऱ्यात जाऊन बसायचा. अख्खं घर एका मुलाच्या रागाला दबकून वागायला लागलं की बाहेरची मदत घ्यावी, असं माझं मत आहे. त्यासाठी गोष्टी आणखी बिघडायची वाट पाहायला नको. मूल मरण्याविषयी बोलत असेल, स्वतःला इजा करायचं बोलून दाखवत असेल किंवा एखाद्या घटनेनंतर एकदम बदललं असेल, तर मात्र पुढे लिहिलेल्या रांगेत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सुरुवात आम्ही नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून केली, आणि तेच बरं झालं. मी थेट मानसतज्ज्ञांकडे जायच्या विचारात होतो. बायको म्हणाली, आधी शरीराचं तपासून घेऊ. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मला अनपेक्षित होते. रात्री घोरते का? तोंड उघडं टाकून झोपते का? पोट रोज साफ होतं का? लांबून हाक मारली तर ऐकू येते का? रक्त, श्रवण आणि दृष्टी तपासून घ्यायला सांगितलं. लोह कमी असलं, रात्री श्वास अडकत असला किंवा नीट ऐकू येत नसलं, तरी मूल चिडचिडं होऊ शकतं. नुसत्या समजावण्याने ते कसं हटणार? तपासण्या नीट आल्या. झोप मात्र कमी निघाली. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप लागते. आमची जेमतेम साडेआठ तास झोपत होती, आणि तेही उशिरा. झोपायची वेळ आम्ही दर आठवड्याला थोडी थोडी अलीकडे आणली. एवढ्याने प्रश्न सुटला नाही, पण सकाळची धुसफूस बरीच निवळली.

इथे दोन गोष्टी सांगतो. डॉक्टरांकडे जाताना मुलासमोर त्याच्या रागाची सगळी जंत्री वाचू नका. "आम्हाला दहा मिनिटं वेगळं बोलायचंय" असं वेळ घेतानाच सांगून ठेवा. आणि पुढच्या तज्ज्ञांसाठी संदर्भपत्र मागून घ्या, तपासण्यांच्या प्रतींसकट. त्यामुळे आमच्या तपासण्या दुसऱ्यांदा झाल्या नाहीत आणि तेवढा खर्च वाचला.

मार्चमध्ये बालमानसतज्ज्ञांकडे नाव नोंदवलं. पहिली वेळ जूनअखेरची मिळाली. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. रोजचा दिवस कसा काढायचा हा प्रश्न असताना जून फार लांब वाटला. तुमच्यावरही ही वेळ आली तर स्वागतकक्षात विचारा, की कोणी ऐनवेळी भेट रद्द केली तर आम्हाला कळवाल का. बहुतेक ठिकाणी तशी यादी असते. आम्ही त्या यादीत नाव घातलं आणि मेच्या मध्यावर अचानक फोन आला. फीचंही तेव्हाच विचारून घ्या. पहिली भेट, पुढच्या भेटी, चाचण्या आणि लेखी अहवाल यांचे पैसे वेगवेगळे असू शकतात. भेट किती वेळ आधी रद्द केली तर पैसे लागत नाहीत, हेही विचारा. मूल आजारी पडतंच. आमच्या खर्चात चाचण्या आणि अहवालाचा वाटा सगळ्यात मोठा होता. विमा असेल तर मानसिक आरोग्याच्या तपासणीचा खर्च त्यात बसतो का, हे आधी लेखी विचारून ठेवा.

थांबायच्या काळात फॉर्मांचा गठ्ठा घरी आला. एक विकासाच्या इतिहासाचा होता: गरोदरपण, बाळंतपण, पहिलं पाऊल, पहिला शब्द, आजारपणं, घरातल्या कोणाला चिंता-नैराश्याचा त्रास होता का. लसीकरणाचं पुस्तक आणि जुने फोटो घेऊन बसलो तेव्हा कुठे तारखा जुळल्या. दुसरी 'एसडीक्यू' नावाची प्रश्नावली होती. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी ती 1997 मध्ये मांडली. त्यात 25 विधानं असतात. गेल्या सहा महिन्यांचा विचार करून 'खरं नाही', 'थोडंफार खरं', 'नक्की खरं' यांपैकी एकावर खूण करायची. भावना, वागणूक, चंचलपणा, बरोबरीच्या मुलांशी जमणं असे त्रासांचे चार गट, आणि पाचवा गट दुसऱ्याला मदत करण्याचा, समजून घेण्याचा. त्या पाचव्या गटाशी आल्यावर मी थबकलो. कोणाला लागलं, कोणी रडत असलं, तर मदतीला जाते का? जाते की. सगळ्यांच्या आधी जाते. कितीतरी महिन्यांनी तिच्याविषयी काही चांगलं कागदावर लिहायला मिळालं होतं.

बायकोने आणि मी ही प्रश्नावली वेगवेगळी भरली, एकमेकांचं न बघता. 'चिंता' या सदरात तिच्या खुणा एका टोकाला, माझ्या दुसऱ्या. पुढे हाच फरक बालमानसतज्ज्ञ मॅडमना सगळ्यात उपयोगी पडला. तेव्हा फॉर्म एकत्र बसून 'ठरवून' भरू नका. शिक्षकांची प्रत वेगळी असते. ती बंद पाकिटात, परत कधी हवी ते वर लिहून आणि संपर्काचा नंबर घालून द्या. आमची प्रत शाळेत कोणाच्या तरी टेबलावर बरेच दिवस पडून राहिली आणि दोनदा आठवण करावी लागली. चिडून उपयोग नसतो. वर्गशिक्षिकांवर आधीच फार काम होतं, आणि त्यांनी भरून दिलेल्या फॉर्ममागे स्वतःहून दोन परिच्छेद लिहिले होते. त्यांतलं एक वाक्य अहवालात जसंच्या तसं आलं: "उत्तर येत असूनही हात वर करत नाही."

त्याच काळात वही सुरू झाली. फोनवर वेळ देणाऱ्या बाईंनीच सुचवलं होतं: येईपर्यंत रोज लिहून ठेवा. चार रकाने. आधी काय चाललं होतं, तिने काय केलं, आम्ही काय केलं, कसं थांबलं. मी पाचवा वाढवला: आदल्या रात्रीची झोप आणि शेवटचं कधी खाल्लं होतं. पहिल्या काही दिवसांच्या नोंदी वाचल्या तर सगळीकडे 'आधी काहीच झालं नव्हतं' असंच लिहिलेलं. मग आम्ही मागे मागे जायला लागलो. अर्धा तास आधी काय होतं? शाळेतून आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली? महिन्याभरात चित्र उलगडायला लागलं. शाळेतून आल्यानंतरचा पहिला तास वाईट. खेळ अर्ध्यावर सोडून उठायची वेळ वाईट. आणि लिहायला बसल्यावरचे प्रसंग सगळ्यात मोठे.

एका संध्याकाळी मी मुद्दाम शेजारी नुसता बसून राहिलो आणि पाहिलं. तिने एक अक्षर काढलं, खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. वेलांटी जरा मोठी झाली की खोड. खोडून खोडून कागद तिथे आधी करडा झाला, मग पातळ, मग भोक पडलं. भोक पडलं त्या क्षणी वही भिंतीवर गेली. वरवर पाहणाऱ्याला वाटलं असतं की कागद फाटल्याचा राग आला. पण त्याआधीची दहा मिनिटं ती श्वास रोखून बसली होती. खांदे कानापर्यंत चढलेले. मी वहीत तेवढंच लिहिलं: 'खांदे वर, श्वास बंद, दहा मिनिटं.'

मेमध्ये पहिली भेट झाली, फक्त आई-वडिलांची. मुलीला काय सांगून आणायचं, हे मॅडमनी त्यातच सांगितलं. 'तुला बरं करायला नेतोय' म्हणायचं नाही. 'मोठ्या भावना कशा हाताळायच्या हे शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, आपण सगळेच त्यांच्याकडून शिकणार आहोत' असं सांगायचं. दुसऱ्या भेटीत ती गेली. चित्रं काढली, बाहुल्यांशी खेळली, आम्ही बाहेर बसलो. मग वाचन-लेखनाच्या आणि लक्ष टिकण्याच्या चाचण्या झाल्या. मधल्या काळात शाळेतून तिच्या वह्यांच्या प्रती मागवल्या. जुलैच्या शेवटी अहवाल हाती आला.

अहवालात अध्ययन-अक्षमता नाही, अतिचंचलता नाही, स्वमग्नता नाही, असं आधी नोंदवलं होतं. मी जालावर वाचून एका निदानाची धास्ती घेतली होती, तेही विचारून घेतलं. अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात 2013 पासून मुलांच्या तीव्र संतापाचं एक वेगळं निदान आहे. मॅडमनी समजावलं, की त्यासाठी आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा उद्रेक आणि तेही वर्षभर, एवढंच पुरेसं नसतं. दोन उद्रेकांच्या मधला काळही जवळजवळ रोज, दिवसभर चिडचिडेपणातच गेलेला असावा लागतो. आमची मुलगी मधल्या काळात आनंदी असायची, हे वहीत लिहिलेलं होतं. अहवालाचा निष्कर्ष साधा होता: चुकण्याची तीव्र भीती, आणि ती रागातून बाहेर पडते. लहान मुलं 'मला चिंता वाटतेय' असं क्वचितच म्हणतात. पोट दुखतं, झोप येत नाही, नाहीतर आकांडतांडव होतं. बायकोने प्रश्नावलीत हेच ओळखलं होतं.

ऑगस्टपासून दर आठवड्याला भेटी सुरू झाल्या. एक तिची, एक आमची, अशा आलटून पालटून. पुढे पुढे आमच्याच जास्त. ती आठवड्यातला एक तास तिथे असणार आणि बाकीचा सगळा वेळ आमच्याकडे, त्यामुळे खरं शिकायचं ते आम्हालाच होतं.

पहिली गोष्ट शिकलो ती ही, की भडका उडालेला असताना काहीही शिकवता येत नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो विचार करतो, आवर घालतो, तो पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. सात वर्षांच्या मुलात तो कच्चाच असतो, आणि भावनांचा जोर चढला की तेवढाही हाताशी राहत नाही. अशा वेळी 'का केलंस?' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तरच नसतं. मग करायचं काय? आजूबाजूच्या लागतील अशा वस्तू उचलायच्या. धाकट्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं. तिच्या उंचीला खाली बसायचं, जरा बाजूला, अगदी समोर नाही. आवाज तिच्यापेक्षा खाली. वाक्यं दोन-तीन, तीच तीच: "मी इथे आहे. खूप राग आलाय. मी तुला स्वतःला मारू देणार नाही." हात उगारला तर हळू पण घट्ट अडवायचा. आणि पुढे गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड गेलं. बोलून गोष्टी सोडवायची माझी सवय आहे.

मॅडमनी एकदा कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या. मायकल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या थयथयाटांचा अभ्यास मांडला होता. त्यात असं दिसलं, की राग सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि उतरत जातो. दुःख मात्र शेवटाकडे वाढत जातं, आणि तेव्हा मूल जवळ घ्या म्हणून येतं. आमची मुलगी त्या वयाहून मोठी, पण वहीतले प्रसंग त्या रेषांशी जुळत होते. त्यानंतर मी एक खूण धरून ठेवली: किंचाळणं संपून रडणं सुरू झालं, की जवळ सरकायचं आणि हात पुढे करायचा. त्याआधी जवळ गेलो तर ती लाथ मारायची, नंतर गेलो तर कुशीत यायची.

दुसरं म्हणजे भावनांना नावं देणं, आणि हे फक्त शांत वेळेत. तिच्याकडे 'राग' आणि 'छान' एवढे दोनच शब्द होते. रोज झोपताना आम्ही तिघं एकेक शब्द घ्यायचो: खट्टू, वैतागलेली, हिरमुसलेली, ओशाळलेली, धास्तावलेली. आज कोणाला कधी असं वाटलं ते सांगायचं, मोठ्यांनीही. "ऑफिसात सगळ्यांसमोर उत्तर आलं नाही, मी ओशाळलो," असं मी म्हटलं तर ती उठून बसली. मोठ्यांनाही असं होतं? मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रौढांवर केलेल्या प्रयोगात असं आढळलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डला या मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी होते. मॅडमनी हे सांगितलं, पण लगेच बजावलंही: राग पेटलेला असताना मुलाला 'तुला काय वाटतंय ते सांग' म्हणून छळू नका.

मग शरीराच्या खुणा. एका मोठ्या कागदावर तिने स्वतःचं चित्र काढलं आणि राग कुठे कुठे येतो ते रंगवलं. मुठी, पोट आणि कान. "आधी कान गरम होतात," ती म्हणाली. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. मॅडमनी 1 ते 5 अशी पट्टी बनवली. 1 म्हणजे शांत, 5 म्हणजे काहीच सुचत नाही. कान गरम म्हणजे 3. आणि 3 लाच काहीतरी करायचं, कारण 4 नंतर उशीर झालेला असतो. सप्टेंबरच्या एका दुपारी ती अभ्यास सोडून माझ्याकडे आली, माझा हात धरून स्वतःच्या कानावर ठेवला आणि म्हणाली, "बघ, बाबा." खरोखर तापले होते. आम्ही दोघं गॅलरीत गेलो, लांब लांब श्वास सोडले, पाणी प्यायलो. त्या दिवशी वहीत लिहायला प्रसंग घडलाच नाही. तरी मी ती पूर्ण नोंद लिहून ठेवली.

श्वासाचंही थोडं तपशिलात सांगतो, कारण 'दीर्घ श्वास घे' हे आम्ही आधीही म्हणायचो आणि ती आणखी चिडायची. रोज झोपताना, शांत असताना, पोटावर एक मऊ खेळणं ठेवून ते वर-खाली करायचा सराव केला. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, कारण सावकाश श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. कित्येक आठवडे फक्त सराव चालू होता. रागाच्या वेळी हे वापरायचा आग्रह धरायचा नव्हता. आणि मी तिला सांगण्यापेक्षा तिच्या शेजारी बसून स्वतः तसे श्वास घ्यायचे. मुलं शब्दांआधी आपला चेहरा आणि श्वास वाचतात. म्हणून घरात नियम केला, की ज्याचा स्वतःचा पारा चढलाय त्याने नुसतं "बदली" म्हणायचं आणि दुसऱ्याने ताबा घ्यायचा. का, कशासाठी, विचारायचं नाही. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना ही सोय नसते, हे मला पुरतं कळतं. मॅडम त्यांना सांगतात: मूल सुरक्षित असेल तर दारात दोन मिनिटं उभं राहा, पण "मी परत येतेय" हे आधी बोला.

चुकण्याच्या भीतीवरचं काम मला सगळ्यात अवघड वाटलं आणि तेच सगळ्यात मोलाचं ठरलं. सोप्याकडून कठीणाकडे अशी पायऱ्यांची यादी मुलीनेच मॅडमबरोबर बनवली. पहिली पायरी, मॅडम मुद्दाम चुकीचं लिहिणार आणि हिने फक्त बघायचं. मग हिने एक वेलांटी मुद्दाम चुकवायची. मग खोडरबर बाजूला ठेवून एक ओळ. मग पेनाने एक ओळ. मग वर्गात न खोडता एक पान. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं, पुढे ढकलायचं नाही आणि सोडवायचंही नाही. घरी तिचं लिहिलेलं आम्ही आधी तपासून द्यायचो, ते हळूहळू कमी करायला सांगितलं, कारण 'बाबांनी पाहिलं म्हणजे बरोबर' हा आधार तिला चुकीला सामोरं जाऊच देत नव्हता. आणि कौतुक नेमकं करायचं. 'शाब्बास, हुशार' यापेक्षा 'वेलांटी चुकली तरी पुढचा शब्द लिहिलास' हे जास्त पोचतं.

याच टप्प्यावर गोष्टी बिघडल्या. ठरलेल्या वेळी खेळ थांबवायचा, ओरडली म्हणून वेळ वाढवून द्यायचा नाही, हे आम्ही दोघांनी एकसारखं पाळायला लागलो आणि प्रसंग आधीपेक्षा लांब, जोरकस व्हायला लागले. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं: जे ओरडून मिळत होतं ते मिळेनासं झालं, की काही काळ ओरडणं वाढतंच. या काळात एकदा जरी ढिलं सोडलं, तर 'आणखी जोरात ओरडलं की मिळतं' हेच मुलाच्या लक्षात राहतं. माहीत असूनही ते आठवडे कठीण गेले. सुट्टी कोणी कधी घ्यायची ते आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, त्याचा आधार झाला.

माझ्या आईला हे सगळं पटत नव्हतं. "पोरीला लाडावून ठेवलंय. आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा," असं ती उघड म्हणायची. वाद घालण्यापेक्षा मी तिला म्हटलं, "आई, तू एकदा आमच्याबरोबर चल, तुझं म्हणणं मॅडमना सांग." ती आली, सांगितलं. मॅडमनी तिला विचारलं, लहानपणी तुमचा मुलगा कसा होता? आणि आई माझ्याविषयी बोलायला लागली: शर्टाला डाग पडला म्हणून मी शाळेत जायला कसा नकार दिला होता, वगैरे. मॅडमनी स्वभावाविषयी सांगितलं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास सुरू केला होता. काही मुलं अगदी बाळपणापासूनच प्रत्येक गोष्टीला जोरात प्रतिसाद देतात. त्यांचं पुढे कसं होतं, हे आजूबाजूच्या माणसांशी त्यांचं किती जमतं यावर बरंच ठरतं. घरी आल्यावर आई काही बोलली नाही. पण पुढच्या वेळी भडका उडाला तेव्हा तिने धाकट्याला उचललं आणि बाहेर नेलं. मोठी मदत होती ती.

शाळेशी बोलताना अख्खा अहवाल देऊ नका. आम्ही मॅडमकडून एक पानाचा सारांश मागून घेतला: मुलीला काय अवघड जातं, कुठली चिन्हं दिसतात, तेव्हा काय करावं, काय करू नये. आतला कौटुंबिक इतिहास शाळेच्या फाइलीत जायचं काही कारण नव्हतं. बैठकीत एवढंच ठरलं: टेबलावर निळं कार्ड ठेवलं की ती न विचारता पाणी प्यायला जाऊ शकते, पाच मिनिटांत परत. सुरुवातीला ती रोजच कार्ड ठेवायची आणि शिक्षिकांना शंका आली, की ही सवलतीचा फायदा घेतेय. मॅडमनी थोडं थांबा म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर कार्डाचा वापर आपोआप कमी झाला.

नोव्हेंबरअखेर तिला ताप आला, पाठोपाठ परीक्षा, आणि सगळं पुन्हा मूळपदावर गेल्यासारखं वाटलं. मी हताश झालो होतो. वही उघडून मागचे महिने वाचले तेव्हा फरक दिसला. प्रसंग तेवढेच येत होते, पण लवकर संपत होते, आणि स्वतःला मारणं जवळपास थांबलं होतं. आजारपण, परीक्षा, घर बदलणं, नवं भावंड अशा काळात घसरण होतेच. तेव्हा नवीन काही शिकवायला जाऊ नका. झोप, वेळेवर खाणं आणि थोडं मोकळं खेळणं एवढंच सांभाळा.

जानेवारीपासून भेटी पंधरवड्याने, मग महिन्याने झाल्या. शेवटच्या भेटीत मॅडमनी पुन्हा तीच 25 विधानांची प्रश्नावली दिली, पुन्हा वेगवेगळी भरायला. या वेळी आमच्या दोघांच्या खुणा बऱ्याच जवळ आल्या होत्या. राग अजून येतो. गेल्या आठवड्यातही पत्त्यांचा खेळ हरल्यावर पाय आपटत खोलीत गेली आणि दार आदळलं. थोड्या वेळाने बाहेर आली, "4 झाला होता," म्हणाली आणि पत्ते गोळा करायला लागली.

आता नवीन वर्ग, नवीन शिक्षिका. ते एक पान यंदा नव्याने करायचं होतं. मी जुना मजकूर तिला वाचून दाखवला. तिने दोन ओळी काढायला लावल्या, कारण "आता मी पळत नाही", आणि शेवटी एक ओळ घालायला सांगितली: "मला राग आला की लगेच काय झालं ते विचारू नका, थोड्या वेळाने विचारा, मी सांगते." सोमवारी ते पान शाळेत द्यायचंय, आणि या वेळी ते मी देणार नाही. ती स्वतः देणार आहे, असं तिने ठरवलंय.